परसातले पक्षी आणि अण्णांचे कॅमेरे: दोघांना एका चौकटीत कसं आणायचं

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरामागं जेमतेम पंधरा बाय वीस फुटांचं परसू आहे. एक पेरू, एक कढीपत्ता, जास्वंदीची दोन झाडं, कर्दळीचा ताटवा आणि कपडे वाळत घालायची तार, एवढाच संसार. घरात मात्र सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, अकरा जुने कॅमेरे आहेत. त्यांनी आयुष्यभर लग्नांचे फोटो काढले. आता ते मागच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि बुलबुलांवर लक्ष ठेवतात. दोन वर्षांपूर्वी एक बुलबुल ऊन दाखवायला ठेवलेल्या याशिका कॅमेऱ्यावर येऊन बसला. मी मोबाइल आणेपर्यंत उडाला. तिथून जुन्या कॅमेऱ्यावर बसलेल्या पाखरांचे फोटो काढायचा माझा हा नाद सुरू झाला.

कोल्हापुरात कॅमेऱ्याचं कौतुक नवं नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी इथंच चित्रपटाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा करून दाखवला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्यावर कबुतरं बसलेली दिसतात. अण्णा म्हणतात, "बघ, आपल्या गावात पाखरं कॅमेऱ्यावर आधीपासनंच बसतात."

कोणता कॅमेरा बाहेर न्यायचा

सगळे नेऊ नका. कपाट उघडून आधी तीन ढीग करा. पहिला ढीग मेलेल्यांचा, म्हणजे शटर अडकलेलं, लेन्समध्ये बुरशीचं जाळं झालेलं. परसात पहिली पाळी यांची. आमच्याकडं आग्फा क्लिक थ्री आहे, बडोद्याच्या कारखान्यात बनलेला. त्यात १२० चा रोल लागायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. एकेकाळी घरोघरी हाच असायचा, त्यामुळं मोडका क्लिक थ्री मिळवणं अवघड नाही. दुसरा ढीग चालू पण दणकट कॅमेऱ्यांचा: धातूच्या अंगाचे याशिकामॅट, झेनिट असे. हे सकाळी तासभर बाहेर राहिले तर काही बिघडत नाही.

तिसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही. भात्याचे फोल्डिंग कॅमेरे त्यात येतात. भात्याचं चामडं जुनं झालं की घडीच्या कोपऱ्यावर चिरतं, आणि पाखराची नखं नेमकी तिथंच पडतात. पुठ्ठ्याचा ब्राऊनी डबाही त्यातच. दव पडलेल्या सकाळी तो पाणी पितो आणि कडा फुगतात. झोर्कीसारख्या, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचं दुखणं वेगळंच. त्याचं शटर कापडी असतं. लेन्स उघडी ठेवून तो सूर्याकडं तोंड करून राहिला तर भिंगातून एकवटलेलं ऊन कापडाला भोक पाडतं. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो, तसंच. असा कॅमेरा ठेवायचाच असेल तर लेन्सला टोपण घाला.

आठवडाभर नुसतं बघा

ही पायरी सगळे गाळतात. वहीत रोज दोन ओळी लिहा: कोण आलं, किती वाजता, कुठून आलं आणि कुठं गेलं. चार-पाच दिवसांत कळतं की पाखरांच्या वाटा ठरलेल्या असतात. आमच्याकडं लालबुड्या बुलबुलांची जोडी सव्वासातला शेजारच्या शेवग्यावरून तारेवर येते, तारेवरून पेरूवर, तिथून पाण्यावर. दयाळ पक्षी त्याआधीच येऊन कर्दळीच्या बुडाचा पालापाचोळा उकरतो. शिंपी पक्षी दिवसभर असतो, पण उघड्यावर येतो तो अंघोळीपुरताच. सातभाई दहाच्या सुमारास टोळीनं येतात, दंगा करतात आणि निघून जातात. त्यांचा फोटो मागू नका, मिळाला तर घ्या.

आपल्याला पाखरू कॅमेऱ्याकडं आणायचं नाही. त्याच्या वाटेत कॅमेरा उभा करायचा आहे. हे उमगायला मला पहिला हिवाळा अख्खा लागला. तोवर मी कॅमेरा परसाच्या मधोमध, छान उजेडात ठेवून तास-तास वाट बघायची.

पाणी, आणि थोडंसं खाणं

खाण्यापेक्षा पाण्यावर सगळे येतात. कुंभाराकडची खरबरीत मातीची परळ घ्या, दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको. मध्ये एक चपटा दगड ठेवा म्हणजे शिंप्यासारख्या लहान जिवालाही उतरता येतं. पाणी रोज बदला आणि परळ काथ्यानं घासा. साचलेल्या पाण्यात डास झाले तर शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते.

चिमण्यांना बाजरी किंवा तांदळाची कणी, बुलबुलांना पिकल्या पपईची फोड किंवा अर्धा पेरू. दयाळ आणि शिंपी किडे खाणारे, दाण्याकडं बघत नाहीत. त्यांच्यासाठी सुका पाला झाडून टाकू नका, आणि कधीतरी कुंडीतली माती खुरप्यानं हलवा. शिंजीर फुलांवर येतो, म्हणून जास्वंद आणि कर्दळ. भडंग, फरसाण, शिळी भाजी काही घालायचं नाही. मीठ-तेल त्यांना सोसत नाही.

आणि फळ कॅमेऱ्यावर ठेवायचं नाही, कधीच नाही. रस फटीत गेला की आधी मुंग्या आणि मग चिकटलेली बटणं.

खांब, फळी आणि विटेचा कॅमेरा

चार फूट उंचीचा खांब रोवा. वर नऊ इंच बाय सहा इंचांची जुन्या लाकडाची फळी. झुडपापासून अंतर सहा-सात फूट ठेवा. त्याहून जवळ असेल तर मांजर दबा धरतं, फार लांब असेल तर लहान पाखरांना उघड्यावर यायची भीती वाटते. पाण्याची परळ पलीकडं, म्हणजे झुडूप, फळी आणि पाणी एका ओळीत येतील अशी.

फळीवर लगेच कॅमेरा ठेवू नका. एक वीट घ्या, छत्रीचं जुनं काळं कापड तिला गुंडाळा आणि पाच-सहा दिवस तिथंच राहू द्या. पहिल्या दिवशी सगळी पाखरं लांबून वळसा घालतात. दुसऱ्या दिवशी साळुंकी येते, तिला कशाचंच भय नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बुलबुल विटेवर बसून पिसं साफ करायला लागला की वीट काढा आणि मेलेला क्लिक थ्री ठेवा. त्यावरही बसले की मग चांगला कॅमेरा. प्रत्येक बदल संध्याकाळी, पाखरं झोपल्यावर करा.

कॅमेरा नुसता ठेवला तर साळुंकीच्या उड्डाणानंही हलतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या बुडाला स्टँडचं भोक असतं. त्यात पाव इंची, इंचाला वीस आटे असलेला बोल्ट बसतो. काही जुन्या जर्मन कॅमेऱ्यांना तीन अष्टमांश इंची लागतो. फळीला भोक पाडून खालून बोल्ट घाला, मध्ये रबरी वायसर टाका. बोल्टची लांबी मोजूनच घ्या: फळी आणि वायसरच्या वर पाच मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर तो आत घुसून बुडाचा पत्रा उचलतो. आमच्या एका झेनिटच्या बुडाला असा टेंगूळ आहे. तो कुणी केला हे अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

दुसरी अडचण घसरण्याची. क्रोमच्या गुळगुळीत पट्टीवर पाखराची नखं धरत नाहीत. बसलं-घसरलं-उडालं की ते पुन्हा येत नाही. चप्पल लाईनमधून, म्हणजे चपलांच्या बाजारातून, चामड्याची कातरण आणा, फुकट देतात. दोन बोटं रुंदीची पट्टी कॅमेऱ्याच्या माथ्यावर, मागच्या कडेला, दोऱ्यानं बांधा. डिंक लावू नका. समोरून ती दिसत नाही आणि पाखराला पकड मिळते. शिवाय फळीच्या बाजूला, कॅमेऱ्याहून चार बोटं उंच अशी पेरूची वाळकी काटकी खोचा. पाखरू आधी काटकीवर टेकतं, इकडं-तिकडं बघतं आणि मग कॅमेऱ्यावर उतरतं. काटकी चौकटीबाहेर राहील इतकी लांब ठेवली की काम झालं.

चकचकीत वाडग्याची जुनी फ्लॅशगन कॅमेऱ्याला लावून फोटो छान येईल असं कुणालाही वाटतं. मलाही वाटलं. फेब्रुवारीत शिंजिराचा नर त्या वाडग्यात स्वतःचं रूप बघून चवताळला. चोच मारायचा, मागं व्हायचा, जास्वंदीवर जाऊन पिसारा फुलवायचा आणि पुन्हा धडक. वीस मिनिटं तेच. मोटारीच्या आरशाशी भांडणारी पाखरं आपण बघतोच, हा तोच प्रकार. विणीच्या दिवसांत त्याची ताकद अशी वाया घालवण्यात काय अर्थ? फ्लॅशगन आत गेली. लेन्समधलं प्रतिबिंब अगदी बारीक असतं, त्याचा त्रास होत नाही.

कुणाला कशावर बसवायचं

बसवणं आपल्या हातात नाही, पण फळीवर कोणता कॅमेरा असावा हे आहे. दयाळ काळा-पांढरा. काळ्या कॅमेऱ्यावर बसला की दोघांचा एकच डाग होतो आणि वर शेपूट तेवढी दिसते. त्याच्यासाठी तपकिरी चामड्याची केस बंद करून ठेवा, फोटो खुलतो. शिंप्याची पाठ हिरवट, टोपी तांबूस, त्याला काळा कॅमेरा शोभतो. मापाचाही विचार हवा. शिंपी शेपटीसकट तेरा सेंटिमीटर, बुलबुल वीस, साळुंकी तेवीस-चोवीस. याशिकामॅटची उंची पंधरा सेंटिमीटरच्या आत. साळुंकी बसली की कॅमेरा खेळण्यासारखा दिसतो. मला हे आवडतं, अण्णांना अजिबात नाही. माझ्या मते सगळ्यांत देखणी जोडी याशिका आणि शिंपी यांचीच.

उजेड

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण पेठेत भिंतीवरून परसात ऊन उतरायला आठ वाजतात. आठ ते नऊ हा एकच तास धरा. ऊन तिरपं असतं, क्रोमवर चरचरीत ठिपके पडत नाहीत आणि कॅमेऱ्यावरची अक्षरं वाचता येतात. ऊन तुमच्या खांद्यावरून थोडं बाजूनं यावं. अगदी पाठीमागून आलं तर लेन्सच्या काचेत तुमची पांढरी ओढणी दिसते. म्हणून कपडे गडद घाला. मागं भिंत असेल तर ती फळीपासून आठ-दहा फूट लांब असू दे, म्हणजे धूसर होते. वाळत घातलेल्या चादरी आधी काढा, हे सांगायला नको, पण मी दोनदा विसरले आहे.

पावसाळ्यात हा उद्योग बंद. एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते आठ चालतं, त्यानंतर कॅमेरा उन्हात ठेवू नका. जुन्या लेन्सची भिंगं एकमेकांना राळेनं चिकटवलेली असतात आणि तापून ती सुटतात.

फोटो काढायचा कॅमेरा

माझ्याकडं लहान सेन्सरचा साधा डिजिटल आहे आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. ३०० वर, चार मीटर अंतरावरून चौकटीत साधारण ३१ बाय २१ सेंटिमीटर एवढी जागा मावते. कॅमेरा पंधरा आणि त्यावर पाखरू दहा-बारा. म्हणजे फोटो उभाच काढायला हवा. आडव्यात पाखराचं डोकं कापलं जातं.

खरा घोळ फोकसचा. याच अंतरावर लेन्सचं छिद्र एफ ८ ला असताना स्पष्ट दिसणारी खोली सहा सेंटिमीटरही भरत नाही, एफ ५.६ ला चार. याशिकाची पुढची लेन्स आणि माथ्याची मागची कड यांच्यात दहा सेंटिमीटर अंतर. पाखरू मागं बसलं तर एकतर त्याचा डोळा धूसर, नाहीतर कॅमेऱ्याचं नाव धूसर. यावर दोन उपाय. कॅमेरा थोडा तिरका वळवून ठेवा, म्हणजे माथ्याची एक कड आणि दर्शनी बाजू जवळपास एका पातळीत येते. आणि चामड्याची पट्टी त्याच कडेला सरकवा, पाखरू तिथंच बसतं. एवढं करून एफ ८ किंवा एफ ११ ठेवा. दोन्ही साधत नसेल तर डोळा धरा, कॅमेऱ्याचं नाव गेलं तरी चालेल.

ऑटोफोकस पाखराआधी चकाकणारी लेन्स पकडतो. म्हणून मी पट्टीच्या जागी चमचा धरायला अण्णांना उभं करते, त्यावर फोकस घेते आणि मग तो हातानं कुलूपबंद करते. बसलेल्या पाखराला शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो, उतरतानाचे पंख हवे असतील तर १/२०००. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, ८०० ते १६०० पर्यंत जाऊ दे, फोटोत बारीक ठिपके दिसले तर दिसले. क्रोम असेल तर एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, अर्धा स्टॉप कमी करा. फटफटीत पांढरं झालेलं क्रोम नंतर परत आणता येत नाही.

बसायचं कुठं? मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, जुन्या साडीच्या पडद्यामागं. पडद्याला वीतभर चीर, त्यातून लेन्स. स्टँड आदल्या रात्रीच लावून ठेवते. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून बोलवायचं नाही. दयाळाला ते हद्दीत शिरलेल्या शत्रूचं आव्हान वाटतं आणि तो चारा-पाणी सोडून हिंडत बसतो.

शिट, आणि एक चूक

ती पडणारच. पहिल्याच महिन्यात याशिकाचा वरचा हूड, म्हणजे वरून बघायच्या काचेवरचं झाकण, उघडा होता आणि पपई खाल्लेल्या बुलबुलानं थेट आतल्या फोकसच्या काचेवर नेम धरला. मी घाबरून पदरानं खसाखसा पुसलं. शिटीत बीचे बारीक कण असतात. काचेवर तीन चरे उठले, उजेडाला धरलं की आजही दिसतात. अण्णा काही बोलले नाहीत. दोन दिवस काहीच बोलले नाहीत.

तेव्हा असं करा. हूड उघडा दाखवायचा असेल तर आत पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन कापून बसवा. शिट पडली तर कोरडं पुसू नका. कापूस साध्या पाण्यात भिजवून पिळा, मिनिटभर त्यावर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या, घासू नका. दुसऱ्या ओल्या कापसानं पुन्हा, मग सुती फडक्यानं कोरडं. हे त्याच सकाळी करा. ती आम्लधर्मी असते, दिवसभर राहिली तर चामड्यावर कायमचा डाग पडतो. हातमोजे घाला, निदान नंतर हात साबणानं धुवा.

आत आणलेला कॅमेरा लगेच कपाटात ठेवू नका. दोन तास पंख्याखाली, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. निळी जेल गुलाबी झाली की ओलावा पिऊन संपली. जुन्या तव्यावर मंद आचेवर परतली की पुन्हा निळी होते. तो तवा मात्र पोळ्यांना वापरायचा नाही. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा घालून ठेवायची सवय सोडा. चामडं ओल धरतं आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याच ओलीवर लेन्समध्ये बुरशीचं जाळं चढतं. केस वेगळी, कॅमेरा वेगळा.

मार्चपासून जुलैपर्यंत फळीच्या आसपास कुणी घरटं करतंय का ते बघत राहा. गेल्या वर्षी शिंप्यानं फळीपासून तीन फुटांवर कर्दळीची पानं शिवायला घेतली. फळी उचलून आम्ही दुसऱ्या टोकाला नेली आणि पिल्लं उडेपर्यंत खिडकीही बंद ठेवली. घरट्याचा फोटो काढलाच नाही.

शेवटी, जुन्यानंच जुन्याचा

हात बसला की चालू याशिकानं मेलेल्या क्लिक थ्रीवरच्या पाखराचा फोटो काढून बघा. याशिकामॅट एक मीटरपर्यंतच जवळ जातो आणि तेवढ्या अंतरावर चौकटीत साधारण ६५ सेंटिमीटर रुंदी येते. म्हणजे बुलबुल चौकटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान दिसणार, हे आधीच मान्य करा. कॅमेरा स्टँडवर लावून फोकस क्लिक थ्रीच्या माथ्यावर धरा. शटरला हवेचा फुगा असलेला लांब नळीचा रिलीज जोडा आणि फुगा हातात घेऊन खिडकीत बसा. या कॅमेऱ्यालाही आठवडाभर पाखरांच्या सवयीचा होऊ द्या. ४०० आयएसओचा काळा-पांढरा रोल, सावलीत एफ ८ आणि १/२५०. एक फोटो काढला की बाहेर जाऊन हँडल फिरवावं लागतं, तोवर पाखरू गेलेलं असतं. म्हणजे एका सकाळी एखादा फोटो, फार तर दोन.

माझा पहिला रोल नऊ दिवस चालला. अण्णांनी तो न्हाणीघरात धुतला आणि कपड्यांच्या तारेला चिमट्यानं लटकवला. बारांपैकी पाच रिकामे, तीनमध्ये हललेले पंख, एकात साळुंकीची पाठ, एकात शेजारचं मांजर. उरलेले दोन बुलबुलाचे. अण्णांनी भिंग लावून ते बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "शटर मंद झालंय. अडीचशे म्हणतंय, पण शंभरानंच चालतंय. पुढच्या वेळी पाचशेवर ठेव."